मिठाच्या कोठारातली गाडी

माघ सरत आला की आमच्या बाल्कनीच्या ग्रिलला तांबूस पापुद्रे धरायला लागतात. नखानं खरवडलं की पापुद्रा सुटतो आणि खालून आणखी एक निघतो. रंगारी दर वर्षी येतो, कानामागची बिडी काढत म्हणतो, "आजी, ही खारी हवा हाय. किती पन मारा, वरीसभरच टिकनार." मी मान हलवते. आता ग्रिल बदलायचाही कंटाळा येतो आणि रंगवायचाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस बहुतेक गोष्टींना मान हलवूनच उत्तर देतो.

हा वारा मात्र मला ओळखीचा आहे. उरणजवळ द्रोणागिरीच्या या सोसायटीत सातव्या मजल्यावर तो थोडा उंचावरून येतो, एवढाच फरक. खाली कंटेनरच्या ट्रेलरांची रांग उभी असते तिथे पूर्वी मिठाचे वाफे होते. याच दिवसांत त्यांच्यात खाडीचं पाणी कोंडून ठेवलेलं असायचं. हा कोरडा वारा त्यावरून आठवडाभर फिरला की पाण्यावर साय धरावी तशी मिठाची पातळ खपली यायची. मग बायामाणसं लाकडी फळीनं मीठ ओढून बांधावर ढीग घालत. शिमग्यापासून मिरगापर्यंत आमच्या गावाला दुसरं काही सुचायचं नाही. कपडे वाळत घातले तर कडक व्हायचे, ओठ चाटले तरी खारट लागायचे, आणि घरातली प्रत्येक लोखंडी वस्तू, विळी, कडी, कंदिलाचा दांडा, हळूहळू लाल व्हायची.

तो हंगाम आला की मला एक गाडी आठवते. बासष्ट-त्रेसष्टचं साल असावं. मी बाळंतपणासाठी माहेरी आले होते आणि माझे वडील एक सडलेली विलायती मोटार दुरुस्त करत होते.

गाडी होती मिठागराच्या मालकाची. मालक मुंबईला राहायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कधीतरी त्यांनी ती इंग्लंडहून आलेली घेतली होती, लहानशी, काळी, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले. माझ्या लहानपणी ते तीत बसून मीठ बघायला येत. एका वर्षी ती इथंच बंद पडली आणि त्यांनी ती मिठाच्या कोठारात लावून ठेवली. पुढं त्यांनी नवी गाडी घेतली, मग ते थकले, मग त्यांचं येणंच थांबलं. गाडी कोठारातच राहिली. सहा-सात पावसाळे ती मिठाच्या राशींशेजारी उभी होती. लोखंडाचे याहून वाईट हाल करायचे कुणी ठरवलं असतं तरी जमलं नसतं. बाबांनी मागितली तेव्हा मालकांचे मुनीमजी म्हणाले, "घेऊन जा लवकर. मिठाला तांबडा डाग पडतो तिचा."

दोन बैल जोडून बाबांनी ती बांधावरून आमच्या अंगणात आणली. वाटेत तिचा एक दरवाजा गळून पडला. तो उचलून कुणीतरी मागून डोक्यावर घेऊन आलं.

बाबा आयुष्यभर लाँचवर इंजिन ड्रायव्हर होते. मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचच्या पोटात, डिझेलच्या धुरात तीस वर्षं उभं राहून त्यांचे कान जवळजवळ गेले होते. नोकरी सुटून वर्ष झालं होतं. मोटार त्यांनी कधी चालवली नव्हती. पण इंजिन म्हणजे इंजिन, असं त्यांचं म्हणणं.

ही गाडी त्यांना का हवी होती, हे घरात कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

माझी मोठी बहीण हिराताई दोन वर्षांपूर्वी पहिल्याच बाळंतपणात गेली होती. तीही अशीच माहेरी आली होती. सकाळी कळा सुरू झाल्या. गावची सुईण भिमाय दहाच्या सुमाराला बाहेर आली आणि म्हणाली, "मूल आरवं हाय. माज्या हातात नाय. पनवेलला न्या." आमच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, आडवं म्हणजे आरवं, गाडी म्हणजे गारी. आई म्हणाली, बैलगारी जुंपा. बाबा त्या दिवशी रजेवर होते, ते म्हणाले, गारीनं दिवस जाईल. दुपारच्या भरतीला लाँच आहे, ती चालवणारा तांडेल माझा माणूस आहे, तासाभरात मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पोचवू. आई दोनदा म्हणाली, गारी जुंपा. बाबांचा लाँचवर विश्वास होता. हिराताईला डोलीत घालून धक्क्यावर नेलं. त्या दिवशी लाँच आलीच नाही. पलीकडे काय बिघडलं होतं ते नंतर कळलं, पण तेव्हा कळायला काही मार्ग नव्हता. बाबा पाण्याकडे बघत उभे राहिले. एक वाजला, दोन वाजले. मग बैलगाडी आणली. उरणहून पनवेलला जाणारा तो रस्ता तेव्हा खड्ड्यांचा आणि धुळीचा होता. गव्हाणच्या फाट्यापुढे, एका चिंचेखाली, हिराताईनं आईचा धरलेला हात सोडला. मूलही गेलं.

गाडी तिथूनच मागे वळवली. आई त्यानंतर पनवेलच्या रस्त्याला म्हणून गेली नाही. बाबांना ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटायचं. त्या घरात दोन वर्षं कुणी आवाज चढवला नव्हता, आणि त्या शांततेनं दोघंही दमून गेली होती. मी सातव्या महिन्यात तिथं पोचले तेव्हा मला सगळ्यात आधी दिसला तो त्यांचा थकवा. दोघांचीही पाठ वाकली होती.

मी शाळेत शिकवायचे. सातवीच्या फायनलची परीक्षा पास झालेली आमच्या गावातली मी पहिलीच मुलगी. नवरा परळला नोकरीला, रविवारी येऊन जाऊन. माहेरी दिवसभर मला काही काम नव्हतं. पाय सुजलेले असायचे. मी अंगणात पाटावर बसून बाबांकडे बघत राहायचे.

गाडीचा तळ पूर्ण गेला होता. आत वाकून पाहिलं की अंगणातलं शेण दिसायचं. बाबा लाकडी हातोडीनं हलके ठोके देत जायचे आणि जिथं आवाज बद्द येई तिथं खडूनं खूण करायचे. त्यांना आवाज ऐकू येत नसे, म्हणून एक तळवा पत्र्यावर ठेवून ते तो आवाज हातानं ओळखत. पहिल्या दोन दिवसांत सगळी गाडी खुणांनी भरली. पनवेलहून उस्मानमिस्त्रींना बोलावलं. ट्रकची कामं करणारा तो नावाजलेला माणूस. त्यांनी मडगार्डवर बोट दाबलं, बोट आरपार गेलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "काका, ये लोहा नहीं रहा. बिस्कुट है."

"इंजिन?" बाबांनी विचारलं.

"इंजिन जाम है. शायद खुल जाए. लेकिन बॉडी का क्या करोगे?"

बाबांना बॉडीचं काय करायचं ते होडीवरून माहीत होतं. त्यांनी गावच्या होडीवाल्या सुताराकडून सागाच्या फळ्या कापून घेतल्या आणि गाडीला लाकडी तळ बसवला. फटींमध्ये कापूस ठासला, त्यावर राळ आणि तेल ओतलं. डांबराच्या पिंपांचे पत्रे कापून भोकांवर ठिगळं लावली. गंज खरवडायला वाळू, काचपेपर आणि रॉकेल. सबंध फाल्गुन आमच्या घराला रॉकेलचा वास होता. खरवडलेला गंज वाऱ्यानं उडून वाळत घातलेल्या पापडांवर बसायचा. आई काही न बोलता पापड उचलून मागच्या दारी नेऊन घालायची.

एक दिवस मात्र ती बोलली. मी पाटावर बसून गाडीच्या बैठकांसाठी शिडाच्या जुन्या कापडाच्या खोळी शिवत होते. जुन्या बैठकांत घोड्याचे केस भरलेले होते, त्यांत उंदरांनी पिल्लं घातली होती, म्हणून आम्ही ते फेकून भाताचा पेंढा भरणार होतो. आई समोर येऊन उभी राहिली. बाबा गाडीखाली होते. त्यांना ऐकू जाणार नाही हे तिला माहीत होतं.

"दोन वर्सांनी गारी आनलीय," ती म्हणाली. "कुनासाठी?"

"माझ्यासाठी, आये."

"तुना काय झालंय? तू धर हायेस." धर म्हणजे धड. मग माझ्या पोटाकडे न बघता म्हणाली, "त्याला सांग, मना त्या गारीत बसायला सांगू नको."

मी सांगितलं नाही. पण बाबांना ते कळलं असावं. त्यांच्या हातांना जसं पत्र्यातलं पोकळपण कळायचं, तसं आईचंही कळत असणार.

मला त्या दिवसांतली भीती आता नीट आठवत नाही. बाळंतपणाची भीती असतेच, ती नंतर शरीर विसरून जातं. आठवतो तो शीण. दुपारी वारा पडायचा, वाफ्यांवरून पांढरं ऊन डोळ्यांत जायचं, आणि बाबांची काचपेपरची खसखस चालू असायची. कधीकधी वाटायचं, ही माणसं माझ्यासाठी एवढा जीव तोडून राबताहेत आणि मला फक्त झोपायचं आहे. एकदा मी त्यांना म्हटलंही, "बाबा, राहू द्या आता. काय व्हायचं ते होईल."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघून ते वाचलं. "तसा नाय म्हनायचा, शेवंते," ते म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले. बाबांनी मला लहानपणी कधी मारलं नव्हतं. त्या शब्दांनी मात्र गालावर बसल्यासारखं वाटलं.

इंजिन सुटायला बारा दिवस लागले. बाबांनी प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि खोबरेल ओतून ठेवलं होतं. रोज सकाळी चूळ भरून झाली की ते पुढून हँडल लावत आणि सगळं वजन टाकत. हँडल दगडात रोवल्यासारखं. बाराव्या दिवशी ते बोटभर हललं. बाबा तसेच वाकून थांबले. आणखी जोर केला नाही. हँडल काढलं, पुसलं, आणि घरात येऊन चहा मागितला. आईनं चहा दिला. त्या दिवशी त्यांनी पुन्हा गाडीला हात लावला नाही. मला वाटतं, त्यांना त्या बोटभर आनंदावर लगेच दुसरं काही नको होतं.

चैत्र संपता संपता एकदा दुपारी मला कळा आल्या. दिवस अजून भरायचे होते. गाडीचं इंजिन तोवर चालू व्हायला लागलं होतं, पण ब्रेक नव्हते, एक दरवाजा दोरीनं बांधलेला होता. आईनं भिमायला बोलावणं धाडलं. मी माजघरात आडवी होते. बाहेर बाबा हँडल मारताना ऐकू येत होतं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन चालू झालं. सगळं घर हादरायला लागलं, फळीवरची भांडी वाजायला लागली. त्यांनी गाडी कशीबशी पडवीला आणून लावली. दारातून ओरडले, "आना तिला! आना भायेर!"

भिमाय माझ्यापाशी बसली होती. ती म्हणाली, "कुठं नेताय? डोकं दिसतंय."

आई दाराशी उभी होती. तिनं एका हातानं दाराची थरथरणारी चौकट धरली होती. पुढचं मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. मुलगा झाला. तो रडला असणार, पण इंजिनाच्या धडधडीत त्याचं रडणं मला ऐकू आलं नाही. फक्त त्याचं तोंड उघडलेलं दिसलं.

आई बाहेर गेली. खिडकीतून मला दोघं दिसत होती. बाबा स्टिअरिंग धरून ताठ बसले होते, समोर बघत. त्यांना आत काय झालं याचा पत्ता नव्हता. आई त्यांच्या समोर गेली, तोंडाकडे बघून सावकाश म्हणाली, "बंद कर. पोर झाला."

"काय?"

"पोर झाला. शेवंता बरी हाय. बंद कर."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बंद केली आनि परत चालूच नाय झाली तं?"

आई तिथंच खाली बसली, गाडीच्या पायरीवर. बाबांनी गाडी बंद केली नाहीच. पेट्रोल संपून ती आपली आपण थांबेपर्यंत दोघं तशीच होती, एक आत, एक पायरीवर.

त्या मुलाला आता साठी उलटून गेली. खारघरला राहतो, गुडघे दुखतात म्हणतो. मी त्याला ही गोष्ट सांगितली की तो म्हणतो, आई, कितीदा. खरंच कितीदा सांगितली असेल. पण सांगते ती नेहमी इथंच संपवते, कारण इथंवरच ती त्याची आहे. पुढचं सहसा सांगत नाही.

मला वाटलं होतं, आता बाबा काम थांबवतील. माझं झालं होतं, मी सुखरूप होते. पण ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीखाली गेले. उस्मानमिस्त्रींकडून ब्रेक बसवून आणले. होडीला लावायचा शेंदरी रंग दोन हात मारला, त्यावर काळा. मिस्त्रींनी त्यांना मैदानात चालवायला शिकवलं. बाबा वळण नेहमी फार आधी घ्यायचे, पाण्यात घेतात तसं, आणि मिस्त्री कपाळावर हात मारायचे.

आईनं एका संध्याकाळी विचारलं, "आता कशाला रं खपतंस?"

"गावात लोकांच्या पोरी हायेत," बाबा म्हणाले.

आईनं भाकरी उलटली.

बाळाला सव्वा महिना झाला तेव्हा मिरग तोंडावर होता. मिठाचे शेवटचे ढीग गवतानं शाकारून झाले होते. सकाळीच आईनं नवं लुगडं नेसलेलं मी पाहिलं. ती अंगणात गेली आणि बाबांच्या दंडाला धरून त्यांना आपल्याकडे वळवलं.

"मना पनवेलला ने," ती म्हणाली.

मी मागे बसले, मांडीवर बाळ. आई पुढे बसली. शिडाच्या कापडावर तिचं लुगडं करकरत होतं. गाडी सागाच्या तळासकट होडीसारखी हलत होती. जासई गाव मागे गेलं. गव्हाणचा फाटा आला, मग ती चिंच आली. बाबांनी गाडी हळू केली आणि आईकडे पाहिलं. तिनं मान हलवून नको म्हटलं. थांबायचं नव्हतं तिला. ती समोर रस्त्याकडे बघत होती, डोळे न मिटता, जणू रस्ता मोजत होती. मीही नकळत मोजायला लागले. एक ओढा. आंब्याची दोन झाडं. एक विटांची भट्टी. मग घरं लागली, दुकानं लागली, आणि दवाखान्याचं फाटक आलं.

चिंचेपासून इथवर मी बाळाला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवरही घेतलं नव्हतं, इतक्यात आलो होतो.

बाबांनी गाडी उभी केली. आई फाटकाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "यवरंच व्हतं?"

एवढंच होतं? बाबांनी तिचे ओठ वाचले. स्टिअरिंगवरचे हात तसेच ठेवून ते म्हणाले, "व्हय. यवरंच."

मोटार फाटकाशी आलेली बघून आतून एक आया धावत आली. आत वाकून तिनं आम्हा तिघांकडे पाहिलं. "पेशंट कोण आहे? लवकर सांगा, स्ट्रेचर आणते."

"पेशंट नाय, बाय," आई म्हणाली. "आमाला उशीर झाला."

आयाला काही कळलं नाही. तिनं माझ्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं, ते झोपलं होतं. पण आईच्या तोंडाकडे बघून तिनं पुढं विचारलं नाही. ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. आई प्यायली, बाबा प्यायले, मी प्यायले. कुणी रडलं नाही. फाटकातून माणसं जात-येत होती, एक म्हातारा पाय ओढत बाहेर आला, एका बाईनं कडेवरच्या मुलाचं नाक पुसलं. मग बाबा उतरले आणि हँडल मारायला पुढं गेले.

परतताना चिंच कधी मागे पडली ते आईला कळलंच नाही. ती झोपली होती. मान एका बाजूला कलंडलेली, तोंड थोडं उघडं, हात मांडीत सैल पडलेले. शेतावरून आलेलं माणूस झोपतं तशी. बाबांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी वेग कमी केला. प्रत्येक खड्ड्याशी गाडी जवळजवळ थांबवून ते चाकं हळूच आत उतरवत आणि हळूच बाहेर काढत. ढग भरून आले होते, पाऊस पडायला अजून एखादा दिवस होता.

मागून एक सायकलवाला आला. आमच्या बरोबरीनं चालवत तो खिडकीत वाकून हसला. "काय काका, बिघरली काय गारी? ढकलू का?"

बाबांनी त्याचे ओठ पाहिले. एक हात स्टिअरिंगवरून काढला आणि तोंडावर बोट ठेवलं.